ओटी कुणाची, किल्ली कुणाची?



आज बचतीचा विषय नाही आणि कर्जाचाही नाही. आज एका घराविषयी बोलायचं आहे. सावर्ड्याजवळच्या एका वाडीतला आपला एक गट गेली कित्येक वर्षं एका जुन्या घराच्या पडवीत बैठक भरवतो. जांभ्याच्या भिंती, नळ्यांचं छप्पर, पुढे खळं, ओटीवर झोपाळा. गावाची पहिली शाळा याच ओटीवर भरत होती, असं जुनी माणसं सांगतात. घरातल्या काकी होत्या तोवर कुणी काही विचारलं नाही. काकी गेल्या आणि मुंबई-पुण्याची सगळी भावकी एकदा जमली. घर विकायचं नाही, ट्रस्ट करायचा, गावाने सांभाळायचं, असं ठरलं. चांगलं ठरलं. आजूबाजूला किती घरं कुलपात कोसळताना आपण बघतो.

मग ट्रस्टच्या नियमांचा कच्चा मसुदा आला. गटातल्या बायांनी तो आमच्यापुढे ठेवला. विश्वस्त पाच, पाचही घरातले, पाचही तहहयात. बैठक 'गरजेनुसार'. बँकेत एकाची सही. 'अध्यक्षांचा निर्णय अंतिम राहील.' शेवटी एक ओळ होती, 'स्थानिक महिला गटाने साफसफाई व देखरेख करावी.' एक वहिनी म्हणाल्या, "म्हणजे केरसुणी आमची आणि सही त्यांची."

तिथूनच आम्ही हा विषय वाचायला घेतला. जे कळलं ते सांगतो, कारण असा मसुदा उद्या तुमच्याही वाडीत येऊ शकतो.

आधी हे समजून घेऊ की ट्रस्ट म्हणजे आपला गट नव्हे. गटातला पैसा आपला असतो. गट मोडला तर हिशेब करून आपण तो वाटून घेऊ शकतो. सार्वजनिक न्यासात, म्हणजे ट्रस्टमध्ये, घर आणि पैसा विश्वस्तांचा नसतो. ज्या कामासाठी ते दिलं त्या कामाचा असतो. विश्वस्त फक्त राखण करतात. डेरवणचं रुग्णालय आपण ट्रस्टचं म्हणतो, तेव्हा अर्थ हाच असतो. म्हणून घर ट्रस्टला दिलं की ते देणाऱ्यांचंही राहत नाही. भावकीतल्या काहींना हेच माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, ट्रस्ट म्हणजे घरपट्टी भरायला गाव आणि गणपतीत उतरायला आपण!

आपल्या राज्यात अशा न्यासांसाठी १९५० चा कायदा आहे. पूर्वी त्याच्या नावात मुंबई होतं, आता तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणून ओळखला जातो. देखरेख धर्मादाय आयुक्तांची. न्यास झाला की तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज करायचा. नोंद झाली की न्यासाचं नाव, उद्देश, विश्वस्त, मालमत्ता हे सगळं सरकारी रजिस्टरात चढतं. त्याला बोलीत पीटीआर म्हणतात. जमिनीला जसा सातबारा, तसा न्यासाला पीटीआरचा उतारा. त्याची नकल अर्ज करून मिळते. गावातल्या कुठल्याही ट्रस्टविषयी कुजबुज करण्याआधी तो उतारा काढून बघावा, अर्ध्या शंका तिथेच फिटतात. बाकीच्या अर्ध्या तिथूनच सुरू होतात, ते वेगळं!

पण कायदा सगळं सांगत नाही. विश्वस्त किती, किती वर्षांसाठी, बैठक कधी, किल्ली कुणाकडे, हे ज्याच्या-त्याच्या न्यासपत्रात किंवा घटनेत लिहायचं असतं. आणि भांडणं तिथेच होतात.

सगळ्यात आधी उद्देश. आमच्या मसुद्यात 'सामाजिक, सांस्कृतिक, शैक्षणिक व इतर कार्य' असं लिहिलं होतं. या 'इतर' शब्दात उद्या पर्यटकांसाठी खोल्यासुद्धा बसतील. खोल्यांना आमचा विरोध नाही, त्यातून छपराचा खर्च निघत असेल तर निघू दे. पण घर कशासाठी राखायचं हे आधी स्पष्ट हवं. मालगुंडचं उदाहरण घ्या. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या आपल्यातल्या अनेकींनी ते घर पाहिलं असेल. कवी केशवसुत तिथे १८६६ मध्ये जन्मले. मोठा वाडा नाही, साधं कोकणी घर. कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे केशवसुतांचं स्मारक उभं केलं आणि १९९४ मध्ये ते खुलं झालं. तिथे गेलं की हे घर कुणाचं आणि कशासाठी राखलं, हे कुणाला विचारावं लागत नाही. परिषद ही सभासदांची संस्था आहे, कोकणभर तिच्या शाखा आहेत. म्हणजे त्या घरामागे एक कुटुंब नाही, कवितेवर प्रेम करणारी पुष्कळ माणसं आहेत. रत्नागिरीतलं लोकमान्य टिळकांचं जन्मघर राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे, ती तिसरी तऱ्हा. आपल्या वाडीतल्या घरासाठी सरकार येणार नाही. ते आपणच राखायचं आहे, म्हणून नियमही आपणच नीट लिहायचे.

आम्ही सुचवलेला उद्देश असा: घर मूळ रूपात जतन करणं, ओटीवरच्या शाळेची आठवण जपणं आणि पडवी व माजघर गावातल्या महिला व मुलांच्या उपक्रमांना वापरू देणं. 'वापरू देणं' हे शब्द घालायला दोन बैठका लागल्या. ते नसते तर उद्या कुणीही म्हणालं असतं की जतन करायचं आहे, बायांनी इथे बसू नये.

उद्देश आणि वापर यांचा गुंता किती लांब जातो बघा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना, १९२१-२२ मध्ये, लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेऊन तिथे स्मारक केलं. पण ती वस्ती राहत्या घरांची. घराचं संग्रहालय करायला तिथल्या स्थानिक कौन्सिलने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. अपील झालं, चौकशी झाली आणि २०२० मध्ये मंजुरी मिळाली. विकत घेणारं एक राज्य सरकार, आठवण बाबासाहेबांची, तरी वापराचा प्रश्न आलाच. आपल्या घराची ग्रामपंचायतीत नोंद राहतं घर म्हणून आहे. वापर बदलणार असेल तर पंचायतीत आधी विचारा, नंतर नको.

आता विश्वस्त. तहहयात या शब्दावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. भावकीचं म्हणणं होतं, घर आमचं, आम्ही देतोय, मग आम्ही का उतरायचं? त्यात खोटं नाही. घर देणाऱ्याला मान हवाच. पण तहहयात माणूस आजारी पडतो, परदेशी जातो, येणं सोडतो, आणि जागा तशीच अडून राहते. गटात आपण पदाधिकारी बदलतो तेव्हा कुणाचा अपमान होत नाही. शेवटी सात विश्वस्तांवर जमलं: तीन घरातले, दोन महिला गटाने ठराव करून पाठवलेले, एक शाळेतल्या शिक्षकांपैकी आणि एक जुन्या बांधकामाची जाण असलेला गवंडी किंवा सुतार. मुदत पाच वर्षं, लागोपाठ दोनदाच. गवंड्याच्या नावाला कुणी हसलं. पण नळे कधी उतरवायचे आणि वासा कुठे कुजला हे सातांपैकी एकाला तरी कळायला हवं की नको?

विश्वस्त बदलला, वारला किंवा त्याने राजीनामा दिला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. आपल्या जिल्ह्यासाठी हे कार्यालय रत्नागिरीत आहे. इथे भले भले चुकतात. बैठकीत नवे विश्वस्त निवडायचे, हार घालायचे आणि अर्ज राहून जातो. मग दहा वर्षांनी उतारा काढला तर त्यावर वारलेल्यांचीच नावं. बँक विचारते, विश्वस्त कोण? उत्तर देता येत नाही. एका देवस्थानाच्या बाबतीत हे आम्ही जवळून पाहिलं आहे. खात्यात पैसे होते आणि सभामंडपाचं छप्पर गळत होतं.

बैठक वर्षातून निदान चारदा, त्यातली एक पावसाच्या आधी आणि एक पाऊस संपल्यावर, आणि या दोन घरातच. मुंबईकरांनी फोनवर हजर राहायला आमची हरकत नाही, पण घर डोळ्यांनी न बघता घराचे निर्णय होत नाहीत. कोरम चारचा, आणि त्या चारांत गावातले दोन तरी हवेत. इतिवृत्त आपल्या गटासारखंच लिहायचं: ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणाचं, विरोध कुणाचा. विरोध लिहायला लोक लाजतात. लिहावा. उद्या चौकशी झाली तर तीच ओळ विरोध करणारीला सोडवते.

पैशाचं आपल्याला नवल नाही, त्यामुळे थोडक्यात. सह्या तीन जणांच्या, त्यातल्या कुठल्याही दोन लागतील, आणि त्या दोन एकाच घरातल्या नसतील. वर्षाचा हिशेब ३१ मार्चला बंद, सहा महिन्यांत लेखापरीक्षण. शिल्लक पैसा कायद्याने सांगितलेल्या जागीच ठेवायचा, पोस्ट किंवा मान्य बँक. कुणाच्या धंद्याला हातउसना द्यायचा नाही. आणि गट जसा बँकेकडून कर्ज उचलतो तसं न्यासाला परस्पर उचलता येत नाही, आयुक्तांची परवानगी लागते. एका ताईंनी विचारलं, छपराला लाख लागले तर? तर देणगी मागायची, किंवा दरवर्षी थोडं बाजूला टाकून देखभालीची वेगळी ठेव करायची. जुन्या घराचा खर्च एकदम येत नाही, रोज थोडा येतो. वाळवी कुणाची वाट बघत नाही.

नात्यातला ठेका हा अवघड विषय. विश्वस्ताचा मेहुणा गवंडीकाम करतो, काम त्यालाच दिलं. काम कदाचित चांगलंही होईल. पण नियम असा घातला की ज्या विश्वस्ताचा किंवा त्याच्या नातलगाचा संबंध असेल त्याने तो आधी सांगायचा, त्या ठरावाला बाहेर बसायचं, आणि दर दोन-तीन जणांकडून मागवायचे. हा नियम गटाच्या दोघींनाही लागू. हे वाचल्यावर आमच्यातली एक जरा गप्प झाली. तिचे दीर सुतारकाम करतात.

घरातल्या वस्तूंचंही असंच. झोपाळा, जातं, पितळी घंगाळ, शाळेची म्हणून सांगतात ती पाटी. कायद्याने न्यासाने स्थावर-जंगम मालमत्तेचं रजिस्टर ठेवायचं असतं. दोघींनी मिळून प्रत्येक वस्तूचा फोटो काढावा, नंबर घालावा, सही करावी. सावर्ड्यात कला महाविद्यालय आहे. घराची रेखाटनं करायला तिथल्या मुलांना बोलवावं असंही सुचलं. वस्तू बाहेर न्यायची तर वहीत लिहून, परतीच्या तारखेसह. किल्ल्या दोन. एक गटाकडे, एक घरातल्या विश्वस्ताकडे.

सगळ्यात मोठी भीती विक्रीची होती. इथे कायदा आपल्या बाजूने भक्कम आहे. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकणं, बदलून देणं किंवा बक्षीस देणं आयुक्तांच्या आधीच्या परवानगीशिवाय कायदेशीर ठरत नाही. भाड्याने देतानाही तेच: शेतजमीन दहा वर्षांहून अधिक काळ आणि इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळ द्यायची तर परवानगी हवी. पण अकरा-अकरा महिन्यांचे करार करत घर एकाच माणसाच्या हाती वर्षानुवर्षं राहू शकतं. म्हणून आम्ही जोडलं की सलग तीन वर्षांपुढे त्याच माणसाला घर द्यायचं नाही आणि पडवी कुणालाच भाड्याने द्यायची नाही. न्यास बंद पडला तर घर अशाच कामाच्या दुसऱ्या न्यासाकडे जाईल, विश्वस्तांत वाटलं जाणार नाही, हेही लिहिलं.

आणि विश्वस्तच चुकले तर? न्यासाशी संबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती आयुक्तांची लेखी संमती घेऊन दावा लावू शकतात. त्याआधी साधा तक्रार अर्जही करता येतो. आयुक्त निर्देश देऊ शकतात, चौकशी लावू शकतात, गंभीर कसूर असेल तर विश्वस्ताला दूरही करू शकतात. म्हणजे गटाच्या दोघी विश्वस्त मंडळावर नसत्या तरी आपल्याला तोंड होतं. पण आत बसून वेळीच बोलणं आणि नंतर रत्नागिरीच्या फेऱ्या मारणं, यात पहिलंच बरं. एका फेरीत दिवस जातो.

हे सगळं लिहून झालं आणि वकिलांनी एकच प्रश्न विचारला, "घर न्यासाच्या नावावर कसं करणार?" घर सामायिक. तोंडी देणगी चालत नाही, बक्षीसपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागतं आणि पूर्ण घर द्यायचं तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात. नावं अकरा निघाली. दहा तयार आहेत. अकरावे काका मुंबईला आहेत. त्यांनी निरोप पाठवला की बायांना विश्वस्त करणार असाल तर आधी मला तो मसुदा वाचू दे.

मसुदा त्यांना पाठवला आहे. शिमग्याला ते गावी येणार आहेत. गटातल्या दोघी तेव्हा त्यांना भेटणार, आणि भेट त्याच ओटीवर व्हावी असा त्यांचा हट्ट आहे. तोवर मागच्या पडवीचे फुटलेले नळे गटाने स्वतःच्या पैशातून बदलून घेतले आहेत. पावती वहीला लावून ठेवली आहे.