दुकानाच्या कोडला पहिल्यांदा हात लावताना

ऑनलाइन हापूस विकणाऱ्याला पैसे भरायच्या पानावर एक साधा रकाना हवा असतो: ‘जवळची खूण’. आंब्याची पेटी पिनकोडने फार तर पेठेपर्यंत पोचते. दारापर्यंत जायला ‘मारुतीच्या देवळामागे, पिवळं फाटक’ हेच लागतं. दुकानाचं सॉफ्टवेअर हा रकाना आपणहून देत नाही. मग विक्रेता, किंवा त्याच्या घरातली कॉलेजात जाणारी मुलगी, पहिल्यांदा कोड उघडून बसते. शिकण्यासाठी याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. काम छोटं आहे, खरं आहे आणि ते शेवटपर्यंत नेताना दुकान आतून कसं चालतं ते बरंचसं कळून जातं.

वूकॉमर्स या दुकानाच्या सॉफ्टवेअरचंच उदाहरण घेऊ. २००३ साली आलेल्या वर्डप्रेसवर चालणारं हे प्लगइन वूथीम्स कंपनीने २०११ मध्ये काढलं, तेही जिगोशॉप या आधीच्या प्लगइनचा कोड घेऊन. पुढे २०१५ मध्ये ऑटोमॅटिक कंपनीने वूथीम्स विकत घेतली. दुसऱ्याचा कोड उघडपणे घेऊन पुढे नेता आला, कारण तो जीपीएल या खुल्या परवान्याखाली होता. वूकॉमर्सही त्याच परवान्याखाली आहे. त्यामुळे त्याची प्रत्येक फाइल आपण वाचू शकतो, बदलू शकतो.

तरीही मूळ फायलींत बदल करू नये. पुढचं अपडेट आलं की त्या फायलींच्या जागी नव्या येतात आणि आपण लिहिलेलं पुसलं जातं. त्या धास्तीने अपडेटच थांबवलं तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात, आणि जिथे लोक पैसे भरतात तिथे हे चालणार नाही.

यावरची सोय सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीच करून ठेवली आहे. घर बांधताना छतात पंख्यासाठी कडी सोडतात, तशा कोडमध्ये ठिकठिकाणी जागा सोडलेल्या असतात. त्यांना हुक म्हणतात. हुक दोन प्रकारचे. ॲक्शन म्हणजे ‘आता या टप्प्यावर आलो आहोत, कुणाला काही करायचं असेल तर करा’ अशी हाक. फिल्टरमध्ये एखादी किंमत, मजकूर किंवा यादी आपल्या हाती दिली जाते. आपण ती बदलायची आणि परत द्यायची. हे परत देणं नवशिक्याकडून हमखास राहतं. पत्त्याच्या रकान्यांची यादी फिल्टरमधून घेतली, तिच्यात ‘खूण’ घातली, पण शेवटी रिटर्नची ओळ लिहिली नाही, तर नवा रकाना राहिला बाजूला, जुनेही दिसेनासे होतात.

हा कोड ठेवायचा कुठे? बहुतेक ठिकाणी थीमच्या फंक्शन्स फाइलचं नाव सांगतात. पण थीमच्या अपडेटमध्ये तीही फाइल बदलते, म्हणून निदान चाइल्ड थीम (मूळ थीमवर बसवलेली आपली वेगळी थीम) तरी हवी. माझं मत विचाराल तर स्वतःचं छोटं प्लगइन करावं. नाव ऐकून दडपण येतं, पण प्लगइनच्या फोल्डरमध्ये ठेवलेली एक पीएचपी फाइल आणि तिच्या माथ्यावर टिप्पणीत लिहिलेलं प्लगइनचं नाव, एवढंच पुरतं. उद्या थीम बदलली तरी ‘खूण’ जागेवर राहते.

आता खरी अडचण. इतकं सगळं नीट करूनही रकाना दिसतच नाही, आणि नवशिक्या स्वतःच्या कोडमधला स्वल्पविराम न् स्वल्पविराम तपासत बसतो. कारण बऱ्याचदा वेगळंच असतं. २०२३ च्या अखेरीपासून नव्या दुकानांत पैसे भरायचं पान जुन्या शॉर्टकोडऐवजी (पानात टाकलेला चौकटी कंसातला छोटा शब्द) ब्लॉकवर (संपादकात जुळवता येणाऱ्या तुकड्यांवर) चालतं, आणि रकान्यांच्या यादीचा तो जुना फिल्टर या पानाला लागूच होत नाही. जुन्या लेखांतला आणि व्हिडिओंतला कोड चुकीचा नसतो, तो दुसऱ्या पानासाठी लिहिलेला असतो. म्हणून कोड शोधण्याआधी आपलं पान शॉर्टकोडचं आहे की ब्लॉकचं, ते पाहावं.

दोन्हींत फरकही मोठा आहे. जुन्या पद्धतीत रकाना दिसला म्हणजे काम झालं नाही. ग्राहकाने खूण लिहिली, ती ऑर्डरसोबत साठलीही, पण ऑर्डरच्या पानावर आणि ईमेलमध्ये ती दाखवायला आणखी हुक वापरावे लागतात. नाहीतर पेटी बांधणाऱ्याला ती दिसतच नाही. ब्लॉकच्या पानासाठी वूकॉमर्सचं वेगळं फंक्शन आहे. त्याला रकान्याचं नाव, प्रकार आणि जागा सांगितली की साठवणं नि दाखवणं ते स्वतः करतं. मात्र प्रकार मोजकेच: मजकूर, पर्यायांची यादी आणि टिकमार्क. खुणेला मजकूर पुरतो.

हे सगळं चालू दुकानावर करू नये, ऐन हंगामात तर नाहीच. दुकानाची प्रत स्वतःच्या संगणकावर किंवा होस्टिंगवर वेगळी उभी करावी, तिथलं पेमेंट चाचणीच्या स्थितीत ठेवावं आणि ईमेल बंद करावेत. प्रतीत खऱ्या ग्राहकांचे पत्ते असतात, त्यांना चाचणीचा निरोप जाता कामा नये. अर्धविराम राहिला आणि साइट बंद पडली तरी घाबरायचं कारण नाही. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी चालकाला ईमेलने दुवा पाठवतं, आणि त्यावरून आत जाऊन बिघडलेलं प्लगइन थांबवता येतं. प्रतीवर ईमेल बंद असतील, तर त्या प्लगइनच्या फाइलचं किंवा फोल्डरचं नाव बदललं तरी ते थांबतं. डीबग लॉग सुरू ठेवला असेल तर चूक कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत आहे तेही त्यात लिहिलेलं सापडतं. तो लॉग इंग्रजीत असला तरी सावकाश वाचावा, निम्मं उत्तर त्यातच असतं.

रकाना दिसू लागला की प्रतीवरचे ईमेल फक्त स्वतःच्या पत्त्यावर वळवून मोबाइलवरून एक चाचणी ऑर्डर टाकावी आणि खूण ग्राहकाच्या ईमेलमध्ये, विक्रेत्याच्या ईमेलमध्ये आणि ऑर्डरच्या पानावर आली का ते पाहावं. पत्त्याची चिठ्ठी वेगळ्या प्लगइनमधून छापत असाल तर तीही काढून बघावी, कारण नवा रकाना तिथे आपोआप येईलच असं नाही. मग ‘आंबा तयार हवा की कच्चा’ हा पुढचा प्रश्न हाती घेता येईल. तो मात्र ऑर्डरला एकदा विचारून भागत नाही, प्रत्येक पेटीमागे विचारावा लागतो. म्हणून त्याची जागा वस्तूच्या पानावर, ‘कार्टमध्ये टाका’ या बटणाच्या वर, आणि तिथले हुक वेगळे.