नोंद होताच उमटणारी वेळ

वसतिगृहाची सायंकाळची हजेरी आता अनेक ठिकाणी एक्सेलच्या तक्त्यात घेतली जाते. नावापुढे 'आला' असे लिहिताच शेजारच्या रकान्यात त्या क्षणाची वेळ आपोआप उमटावी, ही अपेक्षा रास्त आहे. सुट्टी संपवून निघालेले मूल पोहोचले की नाही, असे पालक रात्री विचारतात, तेव्हा अंदाजाने उत्तर देता येत नाही.

पुष्कळ जण तेथे 'नाऊ' हे सूत्र घालतात. आमच्या मते ते घातक आहे. तक्त्याची पुनर्गणना झाली की ते बदलते, आणि सात वाजता आलेल्या मुलापुढे रात्री दहाची वेळ दिसू लागते. येथे मॅक्रोच हवा.

चौकटीत काही लिहिले, पुसले वा चिकटवले की एक्सेलमध्ये 'वर्कशीट चेंज' ही घटना घडते व तिच्याशी जोडलेला मॅक्रो चालतो. केवळ सूत्राचे उत्तर बदलल्याने ती घडत नाही. हा मॅक्रो स्वतंत्र मॉड्यूलमध्ये ठेवून उपयोग नाही. पानाच्या नावावर माउसची उजवी कळ दाबून 'व्ह्यू कोड' निवडावे आणि तेथेच लिहावा. बदललेली चौकट त्याला 'टार्गेट' या नावाने मिळते. ती हजेरीच्या रकान्यातील आहे का, हे 'इंटरसेक्ट'ने पाहावे. एकदम दहा नावांपुढे मजकूर चिकटवला तर टार्गेटमध्ये दहाही चौकटी येतात, म्हणून प्रत्येक स्वतंत्रपणे तपासावी. वेळ आधीच उमटलेली असेल तर तिला हात लावू नये.

खरी मेख पुढे आहे. मॅक्रोने वेळ लिहिणे हाही बदलच, त्यामुळे तीच घटना पुन्हा घडते. म्हणून लिहिण्यापूर्वी 'एनेबल इव्हेंट्स' बंद करून नंतर चालू करतात. मॅक्रो मध्येच अडखळून थांबला तर मात्र ते बंदच राहते. पुढील नावे भरली जातात, वेळ उमटत नाही, आणि कसलाही इशारा मिळत नाही. यासाठी 'ऑन एरर गो टू'ने अशी वाट ठेवावी की अडचण आली तरी ते चालू करणारी शेवटची ओळ चुकणार नाही.

फाइल 'एक्सएलएसएम' प्रकारातच जतन करावी. 'एक्सएलएसएक्स'मध्ये मॅक्रो टिकत नाही. मॅक्रोने तक्त्यात लिहिल्यावर 'अनडू'ही सहसा उपलब्ध राहत नाही, हे नोंद करणाऱ्यास आधी सांगून ठेवावे. शिवाय उमटते ती वेळ नोंदीची असते, मूल दारात आल्याची नव्हे. तेव्हा संगणक अधीक्षकांच्या खोलीत न ठेवता प्रवेशद्वाराजवळ ठेवावा.