तिलापिया माशातील लिंगनिर्धारण

सिक्लिडी कुलातील नाईल तिलापिया हा मूळचा आफ्रिकेतील मासा असून त्याचे शास्त्रीय नाव ओरिओक्रोमिस निलोटिकस असे आहे. तिलापिया माशांना महाराष्ट्रात चिलापी म्हणतात. गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनात नाईल तिलापियास जगभर मोठे महत्त्व आहे. मादी फलित अंडी व पिले तोंडात सांभाळते. त्या काळात ती जवळजवळ काहीच खात नसल्याने तिची वाढ मंदावते. नर मात्र जलद वाढतो. शिवाय हा मासा काही महिन्यांतच प्रजननक्षम होतो. त्यामुळे नर व माद्या एकत्र असलेल्या तळ्यात पिलांची दाटी होऊन विक्रीयोग्य आकाराचे मासे थोडेच मिळतात. म्हणून केवळ नरांचे बीज मिळविणे संवर्धकाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

आनुवंशिक यंत्रणा : या माशात गुणसूत्रांच्या (आनुवंशिक लक्षणे वाहून नेणाऱ्या सूत्रांच्या) २२ जोड्या असतात. मादीत एक्सएक्स व नरात एक्सवाय अशी लिंग-गुणसूत्रे असतात. परंतु ती सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार वाय गुणसूत्रावरील एक जीन नरत्वास आवश्यक असतो. तो निकामी केल्यास एक्सवाय माशाची मादी होते, तर एक्सएक्स माशात तो घातल्यास नर होतो. मात्र काही वाणांत लिंग ठरविणारे स्थान दुसऱ्याच गुणसूत्रावर आढळते. ओ. ऑरियस या जवळच्या जातीत व्यवस्था उलट असते : तेथे नर झेडझेड, तर मादी डब्ल्यूझेड असते.

परिस्थितीचा प्रभाव : ॲरोमॅटेज हे एंझाइम पुं-हॉर्मोनाचे स्त्री-हॉर्मोनात रूपांतर करते व त्यामुळे अंडाशयाची वाढ होते. कोवळ्या पिलांना सु. ३६° से. तापमानाच्या पाण्यात ठेवल्यास त्याचे कार्य मंदावते आणि काही एक्सएक्स पिले नर बनतात. हे प्रमाण सर्व पैदाशींत सारखे नसते.

केवळ नरांची पैदास : हिकलिंग यांनी १९६० मध्ये मलाक्का येथील संकरणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात मोझँबिक तिलापियाची मादी व झांझिबारकडील जातीचा नर यांची सर्व संतती नर निघाली. प्रत्यक्षात अशा संकरांत, विशेषतः पैदाशीचे मासे शुद्ध नसल्यास, माद्याही निपजतात. दुसऱ्या पद्धतीत पिलांना ३–४ आठवडे मेथिल टेस्टोस्टेरोनयुक्त खाद्य देतात. त्याचे प्रमाण दर किग्रॅ. खाद्यास सु. ६० मिग्रॅ. असते. या उपायाने नर झालेली एक्सएक्स पिले आनुवंशिक दृष्ट्या मादीच राहतात. अशा नराचा सामान्य मादीशी संयोग केल्यास संतती बहुधा सर्व मादी असते.

तिसऱ्या पद्धतीत एक्सवाय पिलांना स्त्री-हॉर्मोन देऊन माद्या बनवितात. त्यांचा सामान्य नराशी संयोग केला असता सु. एकचतुर्थांश संतती वायवाय निपजते. हे ‘महानर’ सामान्य माद्यांशी जुळविल्यास संतती एक्सवाय, म्हणजे बहुतांशी नर असते. वेल्समधील स्वॉन्झी विद्यापीठ व फिलिपीन्समधील सेंट्रल लुझॉन स्टेट विद्यापीठ यांनी ही पद्धत विकसित केली. विक्रीच्या माशांना हॉर्मोन द्यावे लागत नाही, हा तिचा मुख्य लाभ होय. तथापि महानर ओळखण्यासाठी त्यांची संतती तपासावी लागते. डीएनएतील खुणांमुळे हे काम सोपे झाले असले, तरी एका वाणाची खूण दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही. म्हणून प्रत्येक वाण स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक ठरते.