गिळलेला ‘ग’

अण्णांच्या पलंगाला अडकवलेल्या फाइलमध्ये रोज सकाळी एक ओळ वाढायची. तीत एक शब्द नेहमी असे, ‘स्वॅलो’, आणि त्याच्यापुढे कधी ‘पुअर’, कधी ‘फेअर’. अर्धांगाच्या झटक्यानंतर वडिलांचा डावा हात लुळा पडला होता, बोलणं जड झालं होतं आणि पाण्याचा घोटसुद्धा नीट उतरत नव्हता. पातळ पाणी श्वासनलिकेत शिरू नये म्हणून त्यात पावडर कालवून ते पेजेसारखं दाट करायचं, हनुवटी छातीकडे झुकवायला सांगायचं आणि चमच्याचमच्याने भरवायचं. हे शिकवायला येणारी थेरपिस्ट मुलगी मराठीच होती, तरी पहिल्या दिवशी अडखळली. “आजोबा, आता स्वॅलो करा,” ती म्हणाली. अण्णांना काही उमगेना. मग हळूच म्हणाली, “म्हणजे… गिळा,” आणि ओशाळली. अण्णा वाकड्या झालेल्या ओठांनी हसले. कोकणातल्या आमच्या घरात ‘गिळ एकदाचं’ हे वैतागलेल्या आईने पोरांना म्हणायचं वाक्य. घरातल्या वडीलधाऱ्याला, तेही आदरार्थी, ‘गिळा’ असं जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

पण त्या मुलीपाशी दुसरा शब्द तरी कुठला होता? खा, जेवा, घ्या, प्या हे सगळे ओठांशी आणि दातांशी थांबणारे शब्द. जिभेच्या मुळापासून पुढे घास आत नेण्याच्या कामाला मराठीत गिळणं हाच शब्द आहे, आणि त्याला संताप चिकटलेला आहे. इंग्रजीतल्या ‘स्वॅलो’ला तसा कसलाच डाग नाही. तो राजाच्या पंक्तीलाही चालतो आणि दवाखान्याच्या फाइलीतही. अण्णांच्या उशाशी जागून काढलेल्या रात्रींमध्ये मी या साध्या शब्दाच्या मागे लागले, आणि तो मला फार लांब घेऊन गेला.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद ‘स्वेल्गन’ असं होतं. त्या काळचं सगळ्यांत मोठं काव्य म्हणजे ‘बेओवुल्फ’. 3182 ओळींचं हे काव्य एकाच हस्तलिखितात उरलं आहे. त्यात हे क्रियापद कोणाकोणाच्या वाट्याला येतं ते पाहण्यासारखं आहे. ग्रेंडेल हा राक्षस रात्री दिवाणखान्यात शिरतो, झोपलेल्या योद्ध्याला फाडतो आणि त्याचे मोठमोठे लचके गिळतो. तो दिवाणखाना इतका भक्कम, की आगीने गिळला तरच पडेल, असं कवी सांगतो. आणि शेवटी नायकाची चिता पेटते तेव्हा तिचा धूर आकाश गिळून टाकतं. राक्षस, आग, आकाश. इंग्रजीच्या त्या पहाटेलाच हा शब्द घशातून बाहेर पडून आभाळापर्यंत पोचला होता. पुढे 1731 मध्ये लंडनच्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसला आग लागली, तेव्हा ज्या ग्रंथसंग्रहात हे हस्तलिखित होतं त्यातली कित्येक पुस्तकं जळाली. ‘बेओवुल्फ’च्या कडा करपल्या, ठिसूळ होऊन त्यांचे तुकडे पडले, काही अक्षरं कायमची गेली. बाकीचं काव्य वाचलं.

त्याहून मला जवळचं वाटलं ते एक कोडं. एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये जुन्या इंग्रजी कवितांचा एक जाड ग्रंथ आहे. 1072 मध्ये वारलेल्या लिओफ्रिक या बिशपने तो तिथे दिला. त्यात शंभराच्या आसपास कोडी आहेत आणि त्यातलं 47वं आपल्याकडे कसर म्हणतात त्या पुस्तकखाऊ किड्याचं आहे. कोणी एक चोर अंधारात एका माणसाचं बोलणं, त्याचा भक्कम पायासुद्धा खाऊन टाकतो, आणि एवढे शब्द गिळूनही त्या चोराला कणभरही शहाणपण येत नाही. इथे तेच स्वेल्गन आहे. सहाच ओळी, पण परीक्षेच्या आदल्या रात्री धडे गिळणाऱ्या प्रत्येक मुलाला ओळखीच्या वाटतील अशा. हे कोडं रचणारा बहुधा मठातला भिक्षू असावा. कातड्याची पानं, हातांनी लिहिलेली एकेक ओळ आणि ती पोखरणारी अळी, हे सगळं त्याने स्वतः पाहिलेलं असणार, असं माझं मन म्हणतं.

आता या शब्दाचं स्वतःचं काय झालं ते बघा. स्वेल्गनमधला ‘ग’ आपल्या ‘गवत’मधल्यासारखा नव्हता. उर्दूतल्या ‘ग़ज़ल’चा पहिला वर्ण जसा घशात घासत येतो, तसा तो होता. ‘ल’ किंवा ‘र’च्या मागे आलेला हा घोगरा ग इंग्रजांच्या तोंडात हळूहळू मवाळ होत गेला, त्याचा ‘व’ झाला आणि शेवटी एक नुसता ‘ओ’ उरला. स्वेल्गनचं आधी ‘स्वेल्वन’, ‘स्वॉल्वन’ असं काहीबाही झालं आणि मग ‘स्वॅलो’. हे एकट्या या शब्दाचं नशीब नव्हे. जर्मनमध्ये आजही मागे जाणं म्हणजे ‘फोल्गेन’, इंग्रजीत त्याचं ‘फॉलो’ झालं. जर्मन ‘बोर्गेन’ तर इंग्रजी ‘बॉरो’. जर्मन ‘मॉर्गेन’ म्हणजे सकाळ आणि उद्याही, इंग्रजीत ती ‘टुमॉरो’च्या पोटात आहे. या सगळ्यांतला ग गेला, पण गिळण्याचा अर्थ सांगणाऱ्या शब्दाने स्वतःचाच ग गिळावा, याचं मला आजही नवल वाटतं. भूतकाळाचं रूपही बदललं. पूर्वी ‘स्वेअल्ग’ म्हणजे ‘गिळलं’. पुढे शब्दाला शेपूट जोडून ‘स्वॅलोड’ करण्याची सोपी रीत पडली आणि आतला स्वर बदलणारं ते जुनं रूप विसरलं गेलं.

एका तणात मात्र तो जुना शब्द दडून राहिला आहे. इंग्रजी बागांमध्ये पिवळ्या फुलांचं एक चिवट झुडूप उगवतं, त्याला ‘ग्राउंडसेल’ म्हणतात. ते जमीन भराभर व्यापतं म्हणून लोकांना त्याचं नाव ‘जमीन गिळणारं’ असं वाटत आलं. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराच्या शब्दसूचीत मात्र ते ‘गुंदेस्वेल्गे’ अशा रूपात सापडतं, आणि ‘गुंद’ म्हणजे पू. जखमेवर या पाल्याचं पोटीस बांधत, ते पू ओढून घेई, म्हणजे पू गिळणारं ते झाड. औषध विसरलं गेलं, पू विसरला गेला, आणि नावाच्या शेवटच्या ‘सेल’मध्ये स्वेल्गन चुरगळून बसलं. बागेत खुरपं घेऊन ते उपटणाऱ्या कुणाला त्याचा पत्ता असेलसं वाटत नाही.

उत्तरेकडच्या समुद्रावर हा शब्द वेगळ्याच रूपात भेटतो. व्हायकिंग लोकांच्या भाषेत गिळणं म्हणजे ‘स्वेल्ग्या’ आणि गिळणारा तो ‘स्वेल्ग्र’. समुद्रातल्या भोवऱ्यालाही हेच नाव. स्कॉटलंडची मुख्य भूमी आणि ऑर्कनी बेटं यांच्या मधल्या सामुद्रधुनीत स्ट्रोमा नावाचं बेट आहे. त्याच्या उत्तर टोकाशी भरती-ओहोटीच्या वेळी प्रचंड भोवरा फिरतो, त्याला आजही ‘स्वेल्की’ म्हणतात. तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसन या आइसलंडच्या लेखकाने लिहून ठेवलेली एक कथा तिकडचे लोक या जागेला जोडतात, आणि ती कथा आहे जात्याची.

फ्रोडी राजाकडे एक अजस्र जातं होतं. जे मागावं ते दळून देणारं. ते ओढायला त्याने फेन्या आणि मेन्या या दोन राक्षसकन्या विकत आणल्या आणि त्यांच्याकडून सोनं, शांतता, सुख दळून घेऊ लागला. त्यांना विसावा देईना. एक गाणं संपायला लागेल त्याहून जास्त नाही. तेव्हा त्या दोघींनी जात्यावर गात गात राजावर चालून येणारं सैन्यच दळलं. म्यूसिंग नावाच्या समुद्रावरच्या राजाने फ्रोडीला मारलं, जातं आणि त्या दोघी आपल्या जहाजावर घेतल्या आणि मीठ दळायला सांगितलं. मध्यरात्री त्यांनी विचारलं, पुरे झालं का? तो म्हणाला, दळत राहा. मिठाच्या भाराने जहाज बुडालं. समुद्र तेव्हापासून खारट आहे, आणि जात्याच्या तोंडातून पाणी आत पडत राहतं तिथे भोवरा फिरतो. पहाटे उठून जात्यात वैरण घालत ज्या बायकांनी आपलं दुःख ओव्यांतून मोकळं केलं, त्यांच्या नातीपणतींना ही गोष्ट परक्या देशाची वाटणार नाही. मला तरी वाटली नाही.

जमिनीवरही असे गिळणारे आहेत. चुनखडीच्या प्रदेशात ओढे अचानक भोकात शिरून नाहीसे होतात. इंग्रजीत त्या भोकांना ‘स्वॅलो होल’ म्हणतात. लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात मोल नावाची नदी अशा भोकांवरून वाहते आणि कोरड्या उन्हाळ्यात तिचं पात्र काही अंतर सुकंच दिसतं, पाणी जमिनीखालून जातं. आपला सह्याद्री बेसाल्टचा, तिथे नदीला असं गिळणारं कोणी सहसा भेटत नाही.

आणि तो पक्षी? इंग्रजी पहिलीत शिकणाऱ्या मुलाला पडणारा प्रश्न रास्त आहे: गोळी गिळणं तेही स्वॅलो, आणि तारेवर बसलेली भिंगरी तीही स्वॅलो? दोघांचं नातं नाही. भिंगरीचं जुनं नाव ‘स्वेअल्वे’, तिची जर्मन बहीण ‘श्वाल्बे’. वेगवेगळ्या मुळांतून निघालेले दोन शब्द झिजत झिजत एकाच साच्यात येऊन बसले. या पक्ष्याला गिळंकृत करण्याचं काम लोकांनी पाण्याकडे सोपवलं होतं, एवढं मात्र खरं. हिवाळ्यात भिंगऱ्या तळ्याच्या तळाशी झोपतात, असं कित्येक शतकं मानलं जाई. ओलाउस माग्नुसच्या 1555 सालच्या ग्रंथात कोळी जाळ्यातून मासे आणि भिंगऱ्या एकत्र ओढून काढतानाचं चित्रच आहे, आणि लिनियससारखा शास्त्रज्ञही ही समजूत सोडायला तयार नव्हता. मग 1911 मध्ये इंग्लंडमध्ये पायात कडी घातलेली एक भिंगरी 1912च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सापडली. त्याच जातीच्या भिंगऱ्या दर हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्याकडेही येतात आणि माळावर, तळ्याकाठी, विजेच्या तारांवर रांगा लावतात.

शब्दाच्या लाक्षणिक अर्थांत इंग्रजी आणि मराठी कधी हातात हात घालून चालतात, कधी फाटा घेतात. राग, अपमान, अश्रू दोन्हीकडे गिळले जातात. इंग्रज मात्र ‘गर्व’ही गिळतो, आपला गर्व उतरतो नाहीतर उतरवला जातो. थाप इंग्रज माणूस गिळतो, म्हणजे खरी मानतो. आपण म्हणू, ती पचली, आणि पचते ती मारणाऱ्याला. पटवून देण्याला आपल्याकडे ‘गळी उतरवणं’ म्हणतात, त्यात निदान उतरवणाऱ्याच्या कष्टांची जाणीव आहे. भोळसटाबद्दल अमेरिकन इंग्रजीत म्हणतात की त्याने आकडा, दोरी आणि शिसं सगळंच गिळलं. आपण तेवढं वर्णन करत बसत नाही, ‘गळाला लागला’ म्हटलं की झालं. आणि ‘मूग गिळून गप्प बसणं’ याला इंग्रजीत तोड नाही, निदान मला सापडली नाही. ज्याला बोलायचं आहे आणि बोलवत नाही, त्याच्या तोंडातले ते मूग मला या दिवसांत फार वेळा आठवले.

इंग्रजीत हे अर्थ पसरण्यात बायबलचा वाटा मोठा आहे. विल्यम टिंडेलने 1526 मध्ये नवा करार इंग्रजीत छापला, त्यात येशू ढोंगी धर्मपंडितांना सुनावतो: तुम्ही चिलट गाळून टाकता आणि उंट गिळता. 1611च्या राजमान्य भाषांतरात ‘गाळून टाकणं’ या जागी शब्द थोडा बदलला आणि चिलटाची प्रतिमा अंधूक झाली. पण उंट गिळण्याला कोणी हात लावला नाही.

‘स्वॅलो’ आणि ‘गिळणं’ हे सख्खे नाहीत, इतकं शोधल्यावर मला थोडं वाईटच वाटलं. पण इंग्रजीत आपला खरा आतेभाऊ आहे आणि तो ‘डिव्हावर’. संस्कृतातला ‘गॄ’ हा धातू, लॅटिनमधलं ‘व्होरारे’ आणि ग्रीकमधलं ‘बोरा’ म्हणजे श्वापदाचं भक्ष्य, ही तिन्ही एकाच आदिम मुळाची पोरं आहेत. त्या मुळाच्या सुरुवातीला ग आणि व यांची सांधलेली उच्चारणी होती. संस्कृतने त्यातला ग ठेवला, लॅटिनने व, ग्रीकने ब. लॅटिनकडून फ्रेंचमार्गे इंग्रजीत डिव्हावर आला, आणि ‘कार्निव्होर’, ‘हर्बिव्होर’ हे शास्त्राच्या पुस्तकातले शब्दही त्याच घरचे. आपल्याकडे ‘गिरति’ आणि ‘गिलति’ अशी दोन रूपं चालत. पाणिनीने या धातूच्या र ला विकल्पाने ल करायची मुभा दिली आहे. ल घेतलेल्या रूपातून मराठीचं गिळणं आलं. र असलेलं रूप अजगरात वेटोळं घालून बसलं: अज म्हणजे बोकड, त्याला गिळणारा तो अजगर. समुद्रात तिमि नावाचा महामत्स्य, त्याला गिळणारा तिमिंगिल, आणि संस्कृत कवींचं तेवढ्यावर समाधान झालं नाही, त्यांनी तिमिंगिलालाही गिळणारा तिमिंगिलगिल कल्पिला.

म्हणजे इंग्रजीने आपल्या शब्दातला ग गिळला आणि मराठीने आपल्या शब्दातला आजवर जपला. ज्या मुलीला ‘गिळा’ म्हणताना संकोच वाटला, तिच्या तोंडी किती जुना शब्द होता!

घशाच्या आत काय चालतं हे माणसाला फार उशिरा दिसलं, आणि ते दाखवण्यात तलवार गिळणाऱ्यांचा हात आहे. ही विद्या भारतीय खेळकऱ्यांनी युरोपात गाजवली. रामो सामी नावाचा दक्षिणेकडचा जादूगार एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या रंगमंचावर चेंडू झेलायचा आणि तलवार गिळायचा. 1850 मध्ये तो तिथेच वारला. विल्यम हॅझलिटने 1821 मध्ये भारतीय खेळकऱ्यांच्या चेंडूफेकीवर जीव ओवाळून टाकणारा निबंध लिहिला, पण तलवार गिळणं पोलिसांनी थांबवावं असंही त्यात म्हटलं. पोलिसांनी ते थांबवलं नाही, हे बरं झालं. 1868 मध्ये फ्रायबुर्गचे डॉक्टर अडोल्फ कुसमाउल यांनी एका तलवार गिळणाऱ्याच्याच घशातून 47 सेंटिमीटरची सरळ नळी खाली उतरवली आणि जिवंत माणसाच्या अन्ननलिकेत डोकावले. उजेड पुरेसा नव्हता, पण वाट उघडली. आज पोटाच्या डॉक्टरांच्या हाती असलेल्या दुर्बिणीच्या पूर्वजांमध्ये तो अनाम खेळकरी आहे.

आपण दिवसातून सुमारे 500 ते 700 वेळा गिळतो, झोपेतसुद्धा. दर वेळी श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, एक कूर्चेचं झाकण श्वासनलिकेवर कलतं आणि घास मागच्या वाटेने जातो. यातलं आपल्याला फक्त पहिलं पाऊल ठाऊक असतं. बाकीचं मेंदूच्या देठातून आपसूक होतं, आणि ते बिघडतं त्या दिवशी घोटभर पाण्याची भीती वाटू लागते.

तिसऱ्या आठवड्यात अण्णांची क्ष-किरण तपासणी झाली. बेरियम मिसळलेला दाट घोट त्यांना दिला आणि आम्ही पडद्याकडे पाहत उभे राहिलो. काळा गोळा जिभेवरून मागे सरकला, कडेला क्षणभर थबकला, झाकण मिटलं आणि तो खाली घसरला. श्वासनलिका स्वच्छ राहिली. अण्णांनी मान वळवून त्या मुलीकडे पाहिलं.

“गिळलं?” त्यांनी जड जिभेने विचारलं.

“गिळलंत, आजोबा,” ती म्हणाली.