लालास्राव आणि मुखकर्करोगाची साध्यासाध्यता

मुखकर्करोगाचे निदान झाले की धारणीसारख्या ठिकाणी रुग्णाचे नातेवाईक पुन्हा आपल्याच वैद्याकडे येतात आणि विचारतात, ‘आता पुढे कसे?’ साध्यासाध्यतेच्या या प्रश्नाचे उत्तर लाळेच्या थेंबातून मिळेल काय, याचा शोध जगभर चालू आहे. बोधक कफाचा विचार करणाऱ्या आम्हा वैद्यांना त्याचे कुतूहल वाटणे स्वाभाविकच. परंतु त्याच्या मर्यादाही जाणून घ्यावयास हव्यात.

२००४ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड वाँग यांच्या गटाने मुखकर्करोग्यांच्या लाळेत इंटरल्युकिन-८ सह सात जनुकांचे संदेशवाहक आरएनए वाढलेले दाखविले. तो विषय निदानाचा होता. रोग उलटेल की नाही, हे ठरविण्यास तेच रुग्ण वर्षानुवर्षे पाहावे लागतात. शिवाय इंटरल्युकिन-६ व ८ हे दाहाचे निदर्शक असून हिरड्या सुजल्या तरी वाढतात. आणि खर्रा खाणाऱ्याच्या हिरड्या निरोगी आढळणे आमच्या वऱ्हाडात दुर्मीळच! म्हणून लाळेच्या तपासणीवरून रुग्णाचे भवितव्य सांगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आजही भवितव्य ठरते ते गाठीचा आकार, तिची खोली आणि मानेतील ग्रंथी यांवरून. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रारंभिक अवस्थेतील ज्या रुग्णांच्या मानेतील ग्रंथी मूळ शस्त्रक्रियेतच काढल्या, त्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. ग्रंथी वाढण्याची वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

हा काळ पुष्कळदा आपल्याच दारात वाया जातो. खदिरादि वटी, इरिमेदादि तैलाचा गंडूष यांनी वेदना शमते व रुग्ण निर्धास्त होतो. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, लाल वा पांढरा चट्टा, तोंड उघडण्यास होणारा अवरोध दिसल्यास पुढील पुडी न देता रुग्णास जीवऊतक तपासणीसाठी पाठवावे. तोंडात लावण्याचे औषध वारंवार नेणारे गिऱ्हाईक औषधविक्रेत्यांनीही हेरावे. तिरुवनंतपुरम येथील २००५ च्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी मुखपरीक्षण केले, तेवढ्याने तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांतील मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले.

मेळघाटातून अमरावती गाठण्यात दिवस मोडतो. तेव्हा चिठ्ठीत व्रणाची जागा, कालावधी, मानेतील गाठ आणि दिलेली औषधे नोंदवावीत. रुग्ण कोरकूभाषक असल्यास मराठी जाणणारा नातेवाईक सोबत धाडावा.