अणूची वीज आणि गावाचा कौल

अणू म्हटला की १९४५ चं हिरोशिमा आठवतं. पण अणू दिवाही लावतो. पालघर जिल्ह्यात तारापूरला १९६९ पासून अणूची वीज निघू लागली.

ती तयार होते कशी? चंद्रपूरजवळ दुर्गापूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरतं आणि वीज निघते. तारापूरला कोळशाच्या जागी युरेनियम. त्याचा अणुगर्भ फुटला की उष्णता निघते. पुढचं सारं तेच.

फरक आहे तो मागे उरणाऱ्या वस्तूत. कोळशामागे धूर आणि राख. ती चंद्रपूरकरांनी डोळ्यांनी पाहिली आहे, छातीत घेतली आहे. युरेनियमला धूर नाही. हवेला आणि रानाला तेवढा दिलासाच. पण वापरलेल्या इंधनात किरणोत्सारी पदार्थ उरतात. त्यांतल्या सीझियमचा जोर तीस वर्षांत निम्मा होतो. नव्वद वर्षांनीही आठवा हिस्सा शिल्लक. प्लुटोनियमला तर निम्मं व्हायला चोवीस हजार वर्षं लागतात. एवढी राखण कोणी करायची?

म्हणून हा नुसता यंत्राचा प्रश्न नव्हे, नीतीचाही आहे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली; वीज मात्र दूरवर जाते. दुर्गापूरची वीज तरी कुठे सगळी चंद्रपुरात राहते?

कोणी म्हणेल, हे शास्त्रज्ञांनी ठरवावं. धोका किती, हे शास्त्रज्ञ सांगतील. पण तो कोणी सोसावा, हे शास्त्र सांगत नाही. ते माणसांनी बसून ठरवायचं असतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची तशी रीत आहे: अभ्यासगटात आधी विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने निर्णय करायचा. बहुमताच्या बळावर थोड्यांना दाबायचं नाही.

गुरुजी, आपणही असा गट बसवा. तीन प्रश्न फळ्यावर लिहा: वीज कोणाला? जोखीम कोणाला? राखण किती वर्षं, आणि कोणाच्या खर्चाने? विजेला नुसतं नाही म्हणून भागत नाही. रानातल्या टोल्यालाही ती हवीच आहे. पण या कचऱ्याची राखण ज्याच्या माथी येणार, तो नातवाचा नातू अजून जन्मलेला नाही. त्याला सभेला येता येत नाही. त्याच्या वतीने आपणच विचारायला हवं.