दिव्याची बैठक

मुर्री हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. आमच्या तिथल्या घरात पूर्वी दोन छोटे दिवे नेमाने लागत. एक भिंतीतल्या दिवळीत, दुसरा रेडिओच्या काचेमागे. दिवळीतल्या पणतीत तेल घातले आणि वात सरसावली की काम झाले. रेडिओतला दिवा मात्र बाबांना छळत असे. स्टेशनांच्या पट्टीवरचा उजेड मध्येच जायचा आणि टेबलाला धक्का बसला की परत यायचा. बाबांनी तीनदा बल्ब बदलला. काढलेले तिन्ही बल्ब धडधाकट होते. खोट होती ती बोटाच्या पेराएवढ्या होल्डरमध्ये, आणखी नेमके सांगायचे तर होल्डर आणि सर्किट बोर्ड यांच्या सांध्यात.

पुढे माझी नोकरीची बरीच वर्षे असल्याच सांध्यांशी झटण्यात गेली. म्हणून दिवाळी अंकाच्या निमित्ताने या कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या वस्तूची ही थोडी चौकशी.

व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओत हा प्रश्नच नव्हता. तिथे सगळा संसार पत्र्याच्या चौकटीवर असे. व्हॉल्व्ह तापवण्यासाठी 6.3 व्होल्टचा पुरवठा असायचाच, त्यावरच पट्टीचा दिवाही लागे. त्याचा होल्डर पत्र्याला चिमट्याने अडकवलेला आणि वीज दोन लोंबत्या तारांनी आलेली. बल्ब कितीही पिळा, जोर पत्र्यावर जाई. तारांना त्याची खबरही नसे. पुढे छापील सर्किट बोर्ड आले, तारा गेल्या, जुळणी स्वस्त झाली. होल्डरही बोर्डावर आला आणि दोन पायांवर सोल्डरने उभा राहिला. पत्र्याचे काम आता सोल्डरच्या दोन ठिपक्यांकडे आले, आणि गफलत झाली ती इथेच.

तो बोर्ड कशाचा होता? फिनॉलिक राळेत भिजवलेल्या कागदाचे थर उष्णतेने आणि दाबाने एकजीव केलेला, साधारण 1.6 मिलिमीटर जाडीचा तक्ता. आपल्याकडे त्याला सरसकट बेकेलाइट म्हणतात. त्याची एक गंमत गोंदियाच्या माणसाने सांगायलाच हवी. लिओ बेकलँड हा रसायनतज्ज्ञ लाखेला पर्याय शोधत होता. आमच्या भागातल्या जंगलात पळस आणि कुसुमावर होते तीच लाख, विजेच्या कामात त्या काळी आवरणासाठी वापरली जाई. त्या शोधातून 1907 साली बेकेलाइट निघाले. म्हणजे रेडिओतल्या त्या तपकिरी तक्त्याचे मूळ एका परीने आमच्या पळसाच्या फांदीपर्यंत जाते.

या तक्त्याच्या एकाच बाजूला तांब्याचा पापुद्रा असे, सुमारे 35 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून बारीक. होल्डर वरच्या बाजूला, तांबे खालच्या बाजूला. आता बल्ब बसवणारा हात डोळ्यांपुढे आणा. तो बल्ब खाली दाबतो, फिरवतो आणि घट्ट बसला तरी खात्रीसाठी आणखी अर्धा वेढा देतो. दाबताना होल्डरचे पाय खाली सरकू पाहतात आणि तांब्याचा पापुद्रा तक्त्यापासून सोलू लागतात. फिरवताना पिळा थेट सोल्डरवर येतो. कथिल आणि शिसे 63 व 37 या प्रमाणातले ते सोल्डर 183 अंशांना वितळते. वीज वाहायला ते उत्तम, पण ओझे वाहायला फार मऊ. काही महिन्यांत पायाभोवती बांगडीसारखी बारीक तडा पडते. ती भिंगाशिवाय दिसत नाही. टेबल हलले की जुळते आणि पुन्हा सुटते. आमच्या रेडिओचे हेच दुखणे होते.

त्यात उष्णतेची भर. 6.3 व्होल्ट आणि 0.3 अँपिअरचा बल्ब जवळपास दोन वॅट घेतो, आणि त्यातला फारच थोडा भाग उजेड होतो. रोज संध्याकाळी धातूचे पाय आणि कागदी तक्ता तापून वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, रात्री आकसतात. तडा त्या मानाने वाढत जाते.

म्हणून चांगल्या होल्डरचा पहिला नियम असा की जोर एकाने घ्यावा आणि वीज दुसऱ्याने वाहावी. होल्डरचे बूड बोर्डावर सपाट टेकले पाहिजे, म्हणजे दाब तक्ता झेलेल. बुडाला दोन खुंट्या हव्यात, बोर्डाच्या भोकांत घट्ट बसणाऱ्या, म्हणजे पिळा त्या अडवतील. मग सोल्डरच्या पायांना फक्त वीज न्यायची. एवढे दोन खिळ्यांएवढे प्लास्टिक वाचवायला जाऊन किती रेडिओ दुकानांत आले असतील, कोण जाणे. बल्बच्या बुडाला टेकणारी पत्तीही महत्त्वाची. साधी पितळी पत्ती तापून तापून लवचीकपणा गमावते, फॉस्फर ब्राँझची टिकते. पत्ती काळवंडून तिथे एक ओहम अडथळा आला, तरी 0.3 व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि दिवा मंदावतो.

मला सर्वांत आवडलेली रचना जुन्या गाड्यांच्या स्पीडोमीटरमागे सापडते. तिथे बोर्डाला गोल भोक असते. काचेचाच चपटा बुंधा असलेला बल्ब प्लास्टिकच्या छोट्या बैठकीत खोचायचा, बैठक भोकात घालून पाव फेरा द्यायचा. तिच्या पत्त्या बोर्डाच्या तांब्यावर थेट दाबून बसतात. सोल्डर नाहीच, म्हणून तडा जाण्याचा प्रश्न नाही. धूळ आणि ओल शिरली की तांबे हिरवे पडते, हा तिचा दोष. पण तो पुसून जातो.

एलईडी आल्यावर ही विद्या मागे पडली. एलईडीला बदलायचेच नसते, असे गृहीत धरून तो थेट बोर्डावर डाखतात. होल्डरच्या जागी पायांत अडकवलेली प्लास्टिकची नळी राहिली, तीही उंची सारखी यावी आणि पाय वाकू नयेत एवढ्यासाठी. उष्णतेची दिशाही पालटली. तापल्या तारेची उष्णता चहूकडे फेकली जाई. एलईडीची पाठीमागे, पायांतून बोर्डात उतरते. म्हणून घरगुती एलईडी बल्बमध्ये ॲल्युमिनियमचा बोर्ड असतो. त्यावरचे एलईडी बहुधा एकामागे एक जोडलेले, त्यामुळे एक तुटला की सगळे विझतात. चौकातला कारागीर मेलेल्या एलईडीवर डाख देऊन वळसा घालतो आणि बल्ब लागतो, पण आतल्या सर्किटवर ताण वाढलेला असतो. मला त्या कारागिराला दोष देववत नाही. होल्डर ठेवणाऱ्याने निदान एवढे कबूल केले होते की दिवा आधी जाईल आणि यंत्र उरेल.

आमच्या रेडिओचे पुढे काय झाले ते राहिलेच. बाबांनी दोनदा डाख दिला, दोन्ही वेळा तडा परत आली. तिसऱ्या खेपेस त्यांनी होल्डरच्या दोन्ही अंगांना, तांबे सोडून, बारीक भोके पाडली. चपला शिवायचा मेणाचा दोरा घेऊन होल्डर बोर्डाला आवळून शिवला आणि मग डाख दिला. खुंट्या वगैरे शब्द त्यांना ठाऊक नव्हते. रेडिओ माळ्यावर गेला तोवर तो डाख सुटला नाही.